थेम्सच्या ओहोटीत नोंदी घेताना

लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीतला फरक ७ मीटरपर्यंत जातो. पाणी उतरलं की जुन्या धक्क्यांचे खांब, मासे अडवायला ठोकलेले खुंट, मोडीत काढलेल्या जहाजांची लाकडं उघडी पडतात. व्हॉक्सहॉलला तर इ.स.पू. १५००च्या सुमाराच्या पुलाचे किंवा धक्क्याचे खांब आहेत. २००८मध्ये सुरू झालेल्या थेम्स डिस्कव्हरी प्रोग्रॅमचे आम्ही स्वयंसेवक यांच्याच नोंदी घेतो. उकरत नाही, उचलत नाही.

दिवस ठरवायला तिथी बरी पडते: अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, तेव्हाच सगळ्यात खालचे खुंट दिसतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी उतरणाऱ्या ओहोटीला गेलात तर नुसता चिखल बघून परत. वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची, आणि तो ग्रीनिच वेळेत आहे का हे आधी बघायचं. उन्हाळ्यात एक तास मिळवायचा राहिला की सगळं गणित चुकतं.

ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाण्यामागोमाग खाली जायचं. सर्वांत खालच्या वस्तू आधी, कारण त्याच आधी बुडतात. वरचं रेखाटन पाणी चढताना करता येतं. आपण उभे असतो त्या उंचवट्यापेक्षा मागचा खोलगट भाग आधी भरतो, म्हणून एकाने फक्त पाण्याकडे आणि काठावर परतायच्या जिन्याकडे लक्ष ठेवायचं. हे काम कोणालाच नको असतं, पण ते टाळून चालत नाही. हातमोजे हवेतच, या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

खुंट दिसला की आधी फोटो, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण. मोजपट्टी खुंटाच्याच पातळीत हवी. पुढे ठेवली तर माप फसतं. मग जागा. फोनचं जीपीएस मोकळ्यावर ३ ते ५ मीटर चुकतं, नदीकाठच्या उंच भिंतीखाली आणखी. म्हणून भिंतीवरच्या दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतरं घ्यायची. त्यानंतर लाकूड: रुंदी, जाडी, गोल की चौकोनी, साल आहे का, खाचा आणि लाकडी खिळ्यांची भोकं कुठे. चिखल पाण्याने आणि मऊ स्पंजने काढायचा. तारेचा ब्रश लावला की कुऱ्हाडीच्या धारेच्या खुणा गेल्याच. भिजून मऊ झालेलं लाकूड नखानेही ओरखडतं. त्या खुणा समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत, टॉर्च बाजूने तिरपा धरा.

आराखडा १:२० प्रमाणात, ड्रॉइंग फिल्मवर (न भिजणाऱ्या प्लॅस्टिकच्या कागदावर), कडक पेन्सिलीने. पेनची शाई ओल्यात पसरते.

पुढच्या फेरीला फोटो त्याच जागेवरून घ्यायचा, म्हणजे झीज ताडून बघता येते. खुंट दिसला नाही तर तेही तारखेसह लिहायचं, आणि वर गाळ चढलाय की खड्डा पडलाय, तेही.