जपानमध्ये घराआधी रस्ता, गाडीआधी जागा

जपानमध्ये जमीन घ्यायला तिथलं नागरिकत्व लागत नाही, पर्मनंट रेसिडेन्सी लागत नाही, रोखीने घेणार असाल तर व्हिसासुद्धा लागत नाही. जमीन आणि तिच्यावरचं घर, दोन्ही कायमचं तुमच्या नावावर होतं. गाडं अडतं ते बँकेत. बहुतेक बँका पर्मनंट रेसिडेन्सी मागतात. नसेल तर 20 टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम पदरची घाला म्हणतात. सर्वसाधारणपणे पर्मनंट रेसिडेन्सी मिळायला 10 वर्षं जातात, पण उच्च कौशल्याच्या व्हिसाच्या गुणतक्त्यात 70 गुण बसले तर 3 वर्षांत आणि 80 बसले तर एका वर्षात अर्ज करता येतो. फ्लॅट बघत फिरण्याआधी हे गुण मोजा.

दुसरं काम शिक्क्याचं. कर्ज काढून घर घ्यायचं तर वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला इनकान, म्हणजे सहीच्या जागी मारायचा नावाचा शिक्का, आणि त्याचा दाखला लागतो. हौसेने काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, नाव कोरून घेतलं आणि रहिवासी नोंदीत काताकाना नावच नसलं, तर तो शिक्का नोंदवून घेत नाहीत. आधी नोंद, मग शिक्का.

आता रस्ता. बांधकाम कायद्याप्रमाणे प्लॉटची किमान 2 मीटर बाजू 4 मीटर रुंद रस्त्याला लागून हवी. ती नसेल तर जुनं घर पाडून नवं बांधता येत नाही. जाहिरातीत बारीक अक्षरात ‘साइकेनचिकु फुका’ लिहिलेलं असतं ते हेच. तोक्योच्या जुन्या गल्ल्यांमधलं घर आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त दिसलं, तर आधी हे शब्द शोधा. अशा घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे पुढे विकतानाही गिऱ्हाईक रोखीवालंच शोधावं लागतं. रस्ता 4 मीटरपेक्षा अरुंद पण कायद्याने मान्य असेल, तर नवं घर बांधताना साधारणपणे रस्त्याच्या मध्यापासून 2 मीटर मागे सरावं लागतं. तेवढी जमीन कागदावर तुमची, वापरायला नाही.

भूकंपाचे सुधारित नियम 1 जून 1981 पासूनचे. इथे इमारत पुरी झाल्याची तारीख बघून फसू नका. बांधकाम परवानगीची तारीख धरतात. 1982 मध्ये उभी राहिलेली इमारत जुन्या नियमांची असू शकते. आणि पुराचा नकाशा बघाच. आपली बरीच मंडळी जिथे राहतात त्या तोक्योतल्या निशिकासाईचा एदोगावा वॉर्ड बराचसा भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 च्या नकाशावर वॉर्डानेच ‘इथे थांबू नका’ असं छापलं होतं.

80 लाख येनपेक्षा महाग घराला एजंटची दलाली जास्तीत जास्त किमतीच्या 3 टक्के अधिक 60,000 येन, वर 10 टक्के कर. 4 कोटी येनच्या घराला 13,86,000 येन. करार करताना बयाणा, म्हणजे तेत्सुके, सहसा 5 ते 10 टक्के. ठरलेल्या मुदतीत तुम्ही माघार घेतली तर तो बुडतो, विकणाऱ्याने घेतली तर दुप्पट परत. करारात कर्ज नाकारलं गेल्यास बयाणा परत मिळण्याचं कलम घालून घ्या आणि त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करा. बँकेचा नकार त्या तारखेनंतर आला, तर कलमाचा उपयोग नाही.

विकताना 5 वर्षांच्या आत नफ्यावर 39.63 टक्के कर, नंतर 20.315. पण ही 5 वर्षं विक्रीच्या वर्षाच्या 1 जानेवारीला मोजतात. जून 2020 मध्ये घेतलेलं घर ऑगस्ट 2025 मध्ये विकलं तरी ते 5 वर्षांच्या आतलंच. राहत्या घराच्या नफ्यावर 3 कोटी येनपर्यंत सूट असते, म्हणून मुख्य फटका भाड्याने दिलेल्या फ्लॅटला बसतो.

गाडीचं उलटं आहे: गाडी सहज मिळते, जागा नाही. तोक्योत साधी गाडी नावावर व्हायला पोलीस ठाण्याचा पार्किंगचा दाखला, शाको शोमेइशो, आधी लागतो, आणि ती जागा घरापासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या आत हवी. सोसायटीत जागा नसेल तर महिन्याच्या भाड्याची जागा आधी पक्की करा, मग शोरूममध्ये जा.

भारतातून आणलेलं इंटरनॅशनल लायसन्स जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. पुढे लायसन्स बदलून घ्यायचं, लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा देऊन. ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षेत 10 ऐवजी 50 प्रश्न असतात आणि 90 टक्के बरोबर यावे लागतात. भारतीय लायसन्स मिळाल्यावर भारतात किमान 3 महिने राहिल्याचा पुरावाही मागतात, तेव्हा जुना पासपोर्ट टाकू नका.

नव्या खासगी गाडीचं शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, 3 वर्षांनी, मग दर 2 वर्षांनी. सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेपुरता. समोरच्याची गाडी किंवा दुकानाची काच फुटली तर त्यातून एक येनही मिळत नाही. ऐच्छिक विमा खऱ्या अर्थाने ऐच्छिक नाही. वर्षाचा कर 1 एप्रिलला ज्याच्या नावावर गाडी त्याला: 660 सीसीच्या केई गाडीला 10,800 येन, 1 ते दीड लिटर इंजिनाच्या नव्या गाडीला 30,500.

देश सोडताना मित्राच्या हातात किल्ली देऊन विमानात बसू नका. नाव बदललं नाही तर पुढच्या मे महिन्यात कराची नोटीस तुमच्याच नावाने निघते.