संबळाचा ट्रॅक आणि वेलचीची जाहिरात

सकाळी संगणक उघडला तर लायब्ररीच्या पोर्टलवर आमच्या एका ट्रॅकसमोर लाल खूण होती: 'मंजुरी आवश्यक'. संबळ, तुणतुणं आणि झांज एवढ्यावर बेतलेला सव्वादोन मिनिटांचा ट्रॅक. मागणी जाहिरातीसाठी होती. देशभर टीव्ही, ओटीटी आणि यूट्यूब, मुदत एक वर्ष, परवाना शुल्क चार लाख. उत्पादनाच्या रकान्यात 'माउथ फ्रेशनर, वेलची' असं लिहिलेलं. एडिट लॉक झालं होतं, चॅनलला दुसऱ्या दिवशी फाइल द्यायची होती, म्हणून उत्तर संध्याकाळी सहाच्या आत हवं होतं.

लायब्ररी म्हणजे इथे तयार संगीताचं भांडार. मालिकेचा, माहितीपटाचा किंवा जाहिरातीचा एडिटर तिथे शब्द टाकून शोधतो, ट्रॅक निवडतो, वापरापुरते पैसे भरतो आणि संगीत लावतो. ही पद्धत जुनी आहे. लंडनची डी वुल्फ कंपनी १९०९ साली सुरू झाली, तेव्हा ती मूकपटांबरोबर वाजवायच्या संगीताची छापील नोटेशन्स पुरवायची. आज आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओवाल्यांची थोडीफार मिळकत यातूनच होते. पुण्यात माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे आणि गेली काही वर्षं मी महाराष्ट्रातली वाद्यं नीट ध्वनिमुद्रित करून अशा लायब्ऱ्यांना देते.

देण्याचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत, आणि सगळा फरक तिथेच पडतो. काही कंपन्या एकरकमी पैसे देऊन संगीतावरचे सगळे आर्थिक हक्क विकत घेतात. स्टॉकहोमची एपिडेमिक साउंड याच पद्धतीवर मोठी झाली. तुम्हाला पैसे मिळतात, पण ते संगीत कुठे वाजणार यात तुमचा शब्द उरत नाही. दुसऱ्या प्रकारात हक्क तुमच्याकडेच राहतात. लायब्ररी फक्त परवाने देते, शुल्कातला ठरलेला वाटा ठेवते आणि बाकीचे पैसे तुम्हाला पाठवते. आमचा करार या दुसऱ्या प्रकारचा, शिवाय 'नॉन-एक्सक्लुझिव्ह', म्हणजे तोच ट्रॅक मी आणखी कुणालाही देऊ शकते. त्यात एक कलम मी आणि माझ्या वकील मैत्रिणीने हट्टाने घालून घेतलं होतं: राजकीय प्रचार, धार्मिक प्रचार, मद्य, तंबाखू, 'आणि त्यांच्या नावाशी, चिन्हाशी किंवा वेष्टनाशी साधर्म्य असलेलं कोणतंही उत्पादन' यांसाठी प्रत्येक वेळी आमची लेखी मंजुरी लागेल. लायब्ररीला ती शेवटची ओळ नको होती. ती राहिली म्हणूनच त्या सकाळी लाल खूण दिसली, नाहीतर परवाना परस्पर गेला असता आणि मला महिनाअखेरच्या हिशेबात कळलं असतं.

ब्रँडचं नाव वाचल्यावर वेगळं काही शोधावं लागलं नाही. त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या, त्याच वळणाच्या अक्षरांतल्या पुड्या परराज्यातल्या टपऱ्यांवर लटकताना मी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. एका मालाची जाहिरात दाखवून त्याच नावाच्या दुसऱ्याच मालाची आठवण करून देणं हे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसारही चालत नाही. तरी वेलची पडद्यावर झळकतच असते.

मी लायब्ररीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. तिथला मुलगा गुणी आहे, कामाला चोख. तो म्हणाला, "मॅडम, कागदावर हा फूड प्रॉडक्ट आहे. त्यांच्या लीगलने क्लिअर केलंय. आणि शुल्क बघा ना, आपल्या दरपत्रकाच्या किती वर आहे." ते खरंच होतं. मी स्टोरीबोर्ड, म्हणजे जाहिरातीचा चित्रांतला आराखडा, मागितला. त्याने जरा आढेवेढे घेतले, पण पाठवला. पहिल्याच चौकटीत गोंधळात देवीसाठी मांडतात तो चौक, पाच उसांचा मांडव, पेटती पोत (देवीची मशाल) हातात घेतलेला नायक, आणि पोतीच्या ज्वाळेतून फिरत बाहेर येणारी डबी.

इतकं झाल्यावर नकार मी एकटीने कळवू शकले असते. ध्वनिमुद्रिकेची निर्माती मी, तुणतुण्याची धून माझी, लायब्ररीशी करारही माझाच. आमच्या धंद्यात रीत अशी की वादकाला सत्राचे पैसे द्यायचे, एक पानी ना-हरकत पत्रावर सही घ्यायची आणि विषय मिटवायचा. मला ती रीत मान्य नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्त्या झाल्या तेव्हा वादकाचे, गायकाचे हक्क पूर्वीपेक्षा भक्कम झाले. ध्वनिमुद्रिकेचा व्यापारी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टी मिळायला हवी, आणि त्याच्या सादरीकरणाची त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर तो हरकत घेऊ शकतो, हे कलम ३८अ आणि ३८ब मध्ये आहे. म्हणून या ट्रॅकच्या वेळी आम्ही चौघांनी आपसात वेगळा करार केला होता. लायब्ररीचा अर्धा वाटा वजा जाता उरेल त्याचे चार समान भाग, आणि मंजुरीच्या कलमातल्या वापराला चौघांपैकी एकाचाही नकार असेल तर नकार.

चौघं म्हणजे मी, संबळ वाजवणारे मामा, तुणतुण्यावर त्यांचा पुतण्या आणि झांजेवर त्यांच्याच गावचा एक मुलगा. मामांचं गाव बार्शीजवळ. घराणं कदमराई गोंधळ्यांचं, तुळजापूरच्या भवानीचं.

चार लाखांतले दोन लाख लायब्ररीचे. उरलेल्या दोन लाखांचे चार भाग, म्हणजे माणशी पन्नास हजार. लग्नसराईच्या बाहेर मामांच्या घरात एवढी रक्कम एका वेळी येत नाही. हा आकडा मला त्यांना स्पष्ट सांगायचा होता, आपल्या मताचं वजन न टाकता.

मामा शेतात होते. मी आधी पैसे सांगितले, मग माल कुठला ते सांगितलं. ते तंबाखू खातात, त्यामुळे त्या बाबतीत त्यांनी मला उपदेश केला नाही, मीही त्यांना केला नाही. त्यांनी एकच विचारलं, "ताई, चित्रात काय दावनार हायेत?"

मी स्टोरीबोर्ड वाचून दाखवला. चौक, ऊस, पोत. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "ह्ये ऐका. तुमच्याकडं वाजिवलं त्ये मी रस्त्यावरचं वाजिवलंय. चौकातलं न्हाई वाजिवलं."

ते मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या क्षणी पुरता पोचला. रेकॉर्डिंगच्या दिवशी मामांनी संबळ कमरेला बांधला, लहान आणि मोठ्या भांड्याचा स्वर जमवला, आणि वाकडी काठी हातात घेण्यापूर्वी मला सांगितलं की देवीला आवाहन करतानाचा ठोका मी इथे देणार नाही. तो चौक मांडल्याशिवाय वाजत नाही. वरातीत, देवळाच्या वाटेवर वाजतं ते देतो. मी माइक त्यानुसार लावले. मोठ्या भांड्याला थोडा लांबून, कारण त्याची घुमी जवळून फाटते. तासाभरात झालेलं ते काम होतं. कुठला ठोका माणसांसाठी आणि कुठला देवीसाठी हे त्यांनी माइक सुरू होण्याआधीच ठरवून टाकलं होतं. माझं मंजुरीचं कलम त्यानंतर कितीतरी दिवसांनी लिहिलं गेलं.

"आन आता ती मानसं," मामा म्हणाले, "त्या रस्त्यावरच्या वाजपाला चौकात नेऊन बसवनार, वर पुडी दावनार. ठोका काय माझ्या बापाचा न्हाई, त्यो देवीचा. कुनीबी वाजवावा. पन ह्यो वाजिवलेला माझा हाय. ह्याला न्हाई म्हना."

कायद्याची भाषा इतकी नेमकी मांडलेली मी क्वचित ऐकली आहे. गोंधळाचे ठोके पारंपरिक, त्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही. जाहिरात एजन्सीला वाटलं तर दुसऱ्या संबळवादकाला बोलावून तेच वाजवून घेता येईल. पण या काठीने, या दिवशी वाजलेलं सादरीकरण मामांचं आणि त्याची ध्वनिमुद्रिका आमची.

पुतण्याला मात्र हे पटलं नाही. त्याचा फोन पंधरा मिनिटांत आला. घराच्या स्लॅबचं काम अडलंय, सिमेंटवाल्याची उधारी आहे. "ताई, तुम्हाला नाही म्हणणं परवडतं. तुमचा स्टुडिओ चालतो. काकांना देव दिसतो. मला सिमेंटवाला दिसतो." त्यात काहीही चूक नव्हतं. मी त्याला करार वाचून दाखवला नाही, तो त्याला पाठ होता. म्हणाला, "एकाचा नकार म्हणजे नकार, हे लिहिताना चार लाख समोर नव्हते ना." मी म्हटलं, समोर नव्हते म्हणूनच तेव्हा लिहिलं. त्यावर तो काही न बोलता फोन ठेवून गेला.

दुपारी नकार कळवला. तासाभरात मुंबईहून पुन्हा फोन. एजन्सी साडेपाच लाखांवर यायला तयार होती, पोतीची चौकटही काढणार होती. मला हा प्रस्ताव मामांपासून लपवायचा नव्हता, म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी उत्तर बदललं नाही, फक्त पुतण्याशी आपण बोलू म्हणाले. लायब्ररीच्या मुलाने शेवटी एक वेगळा मुद्दा काढला: क्लायंट मोठा आहे, वरचे लोक नाराज होतील, पुढच्या वेळी तुमचे ट्रॅक सर्चमध्ये मागे पडतील. हे तो धमकी म्हणून बोलला नाही, त्याला ती काळजी खरीच वाटत होती. मी त्याला कलमाची ओळ मेलवर चिकटवून पाठवली आणि खाली लिहिलं की चारही हक्कधारकांच्या वतीने परवानगी नाकारत आहोत. सहा वाजायच्या आत पोर्टलवर 'नाकारले' असा शेरा पडला.

या कलमाला इतकी धार का दिली, त्यालाही एक कारण आहे. आधीच्या एका ट्रॅकचं दुसऱ्या एका लायब्ररीने जे केलं ते मी विसरलेले नाही. तिथून परवाना घेतलेल्या एका गायकाने आमचं वादन जसंच्या तसं खाली ठेवून वर गाणं गायलं आणि ते गाणं वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये नोंदवलं. ती यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते, माणसं पाहत नाही. मामांच्या नातवाने आजोबांच्या गोंधळाच्या व्हिडिओला सुरुवातीला आमचा तो ट्रॅक जोडला होता. त्यावर दावा लागला, जाहिरातीचे पैसे त्या गायकाकडे वळले. ज्याच्या हाताने तो संबळ वाजला, त्याच्याच व्हिडिओवर परक्याचा हक्क. दावा सोडवून घेता आला, पण ज्यांनी परवाना दिला होता त्यांच्याकडून महिनाभर उत्तरसुद्धा आलं नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात दोन गोष्टी असतात: परवाना घेणाऱ्याला कंटेंट आयडीत नोंद करता येणार नाही, आणि आमचं वादन गाण्याच्या आधाराला वापरायचं असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल.

नव्याने या कामात येणाऱ्या वादकांना मी कराराची तीन ठिकाणं आधी वाचायला सांगते: मुदत, प्रदेश आणि 'असाइनमेंट' की 'लायसन्स'. असाइनमेंट म्हणजे हक्कच दुसऱ्याच्या नावावर करणं, लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी. मुदत लिहिलेली नसेल तर आपला कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असले शब्द ठासून भरलेले असतात. ते खोडायला सांगायला लाजू नये. संगीतकाराच्या रॉयल्टीचा समान वाटा २०१२ पासून करारानेही सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. मी आयपीआरएसची, म्हणजे संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीची, सभासद आहे, आणि ज्या लायब्ररीला ते सभासदत्व अडचणीचं वाटतं तिच्याशी मी बोलणीच करत नाही.

पुतण्या काही दिवस फोनवर तुटक बोलत होता. मग नव्या रेकॉर्डिंगचं ठरवायला मी बार्शीला गेले, तेव्हा त्यानेच विषय काढला. म्हणाला, "पैसे दिसल्यावर नाही म्हणायला लागू नये. कशाला द्यायचं नाही ते आधीच लिहून टाकू, म्हणजे नंतर कुणी कुणाला दोष देणार नाही." ओट्यावर बसून आम्ही वहीत यादी केली. दारू, गुटखा, पक्ष हे होतंच. मामांनी चौक, पोत आणि परडी चित्रात असलेली कुठलीही जाहिरात घातली, आणि नवस फेडून देतो म्हणणाऱ्या बाबांचे व्हिडिओसुद्धा. पुतण्याने ऑनलाइन रमी लिहिली. त्याचा एक मित्र त्यात बुडाला आहे. झांजेवाला मुलगा म्हणाला, शाळा, माहितीपट आणि शेतीच्या कार्यक्रमांना विचारत बसू नका, सरळ द्या.

ही यादी लायब्ररीने कराराच्या नूतनीकरणात जशीच्या तशी घेतली. आमची दुसरी मागणी होती की मंजुरीच्या वापरांसाठी वादकांची संमती लायब्ररीच्या स्वतःच्या छापील मसुद्यातच असावी, फक्त आमच्या आपसातल्या कागदावर नको, म्हणजे तिथे येणाऱ्या प्रत्येक ढोलकीवाल्याला, सनईवाल्याला ती मिळेल. त्यावर त्यांचे वकील अजून विचार करत आहेत. मी दर आठवड्याला विचारते.