ओवीच्या खिशातला खडा

मंगळवार, रात्री उशिरा

वॉशिंग मशीन आज खडखडायला लागलं. बंद करून हात घातला, तर सुपारीएवढा करडा खडा. ओवीच्या जाकिटातला. विचारलं तर म्हणते, "त्या बायकांच्या पायाशी खूप होते, मी एकच घेतला."

त्या बायका म्हणजे इथल्या, बर्लिनच्या ग्रोसे हाम्बुर्गर श्ट्रासेवरचे पुतळे. शिल्पकार विल लामर्टने राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीतल्या स्मारकासाठी घडवलेल्या, १९८५ मध्ये इथे आणून उभ्या केलेल्या. मागे बहुतेक गवत आणि झाडंच. १६७२ ते १८२७ इथे ज्यूंचं दफन होत होतं. १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, कबरींमधून चर खणला आणि त्याच्या कडांना टेकू म्हणून कबरींचेच दगड लावले. शेजारच्या वृद्धाश्रमात त्याआधीच वर्षभर माणसं आणून कोंडत होते, पुढे आउशवित्झ आणि टेरेझिनश्टाटच्या छळछावण्यांत पाठवायला. फलकावर आकडा आहे ५५,०००, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत.

तिथे फुलं नाही, खडा ठेवतात. मी येऊन गेलो, एवढंच. म्हणजे ओवीने कुणाचं तरी येऊन जाणं खिशात घालून आणलं. आणि मी ते चाळीस डिग्रीवर धुतलं.

नीलेश म्हणाला, खडाच तर आहे. आहेच. पण नाही ना.

बाबांचा जीवखडा दहा दिवस दादाने सांभाळला. मी इथून फोनवर बघत होते, कावळा शिवला तेव्हा नेमकं चित्र अडकलं. दादा म्हणाला, शिवला. त्या वेळचं तिकीट वगैरे, जाऊ दे. माझ्या हातून कुठेच काही ठेवलं गेलं नाही. असल्या जागी आपलं रडगाणं काढू नये, कळतं. तरी तो खडा मुठीत घेऊन अर्धा तास बसले.

कुणी ठेवला असेल? पणजीच्या शोधात लांबून आलेली कुणी म्हातारी? की सहलीतला एखादा पोरगा, बाईंनी सांगितलं म्हणून? मला म्हातारीच हवी आहे, असं दिसतंय.

संध्याकाळी आईला सांगितलं. सगळं ऐकून तिचा पहिला प्रश्न, "तिथून आल्यावर हातपाय धुतलेत का?" आत शिरतानाच हात धुवायची सोय आहे म्हटल्यावर तिला एकदम बरं वाटलं. "बघ, आपल्यासारखंच. खडा ठेवून ये. मशीन मोडलं नाही ना?"

नाही मोडलं. खडा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मिठाच्या बरणीशेजारी. लव्हेंडरचा वास मारतोय. ओवीला विचारलं, नेमका कुणाच्या पायाशी होता? "सगळ्यात पुढची," अजिबात न अडखळता.

शनिवारी जाणार होतो, मग लक्षात आलं, शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणजे पुन्हा रविवारच. आईस्क्रीम आधी की नंतर, यावर ओवीशी बोलणी चालू आहेत.