त्र्यंबक, वैतरणा, घोटी: जुन्या जीपचं स्टिअरिंग नेमकं कुठे ढिलं होतं

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला सातपूर सोडलं. गाडी आमची १९९३ ची महिंद्रा एमएम ५४०. पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढचा अ‍ॅक्सल अखंड, पॉवर स्टिअरिंग नाही. सोबत पुतण्या. त्र्यंबक, पहिने, अप्पर वैतरणेचा काठ आणि घोटीवरून महामार्गाने परत, अशी शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी ठरवली होती. जुन्या फोर बाय फोरसाठी नाशिकजवळ याहून चांगला रस्ता मला ठाऊक नाही. घाट, खडी, चिखल आणि सरळ महामार्ग, सगळं एका दिवसात भेटतं. म्हणूनच पुढच्या चाकांत काही दोष असेल, तर तो इथे लपत नाही.

दोष होताच. स्टिअरिंग मधल्या जागी चार बोटं फिरवलं तरी चाक हलत नव्हतं, आणि साठच्या आसपास हाताला थरथर लागायची. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असणार असं मी धरून चाललो होतो. दोन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट करून घेतली, वर एका दुकानदाराच्या सांगण्यावरून स्टिअरिंगला डॅम्पर बसवला. सांधे ढिले असताना केलेल्या अलाइनमेंटला काही अर्थ नसतो. मशीनवर आकडा बरोबर येतो, पण गाडी पहिल्या खड्ड्यात गेली की सांधा सरकतो आणि तो आकडाही जातो. डॅम्पर हादरा दाबतो, झीज तिथेच राहते.

महिरावणी ओलांडल्यावर साठला थरथर सुरू झाली, सत्तरला कमी झाली. ठराविक वेगाला येऊन पुढे ओसरणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची किंवा वाकलेल्या रिमची असते. हाताऐवजी सीटखाली आणि फरशीत जाणवली, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलली, तर प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर आली, तर ड्रम बघा. एवढं चालवतानाच कळतं, पाना हातात घ्यावा लागत नाही.

पहिनेच्या उतारावर मात्र वेगळंच झालं. वेग जेमतेम पंचेचाळीस. मोरीजवळच्या खड्ड्यात डावं चाक आपटलं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडू लागली. वेग वीसच्या खाली येईपर्यंत थांबली नाहीत. "काका, हे मघाचं नाही," पुतण्या म्हणाला. त्याचं बरोबर होतं. खड्ड्याने सुरू होणारी आणि आपोआप न थांबणारी ही फडफड बॅलन्सिंगने जात नाही. ती किंग पिन (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ), टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, हबचं बेअरिंग किंवा बदललेला कॅस्टर (किंग पिनचा मागे-पुढे कल) यांतून येते. त्याच वेळी परत फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही.

वैतरणेच्या काठी टायरची हवा अठरापर्यंत उतरवली. दीड तास चिखलात गेला, एकदाही अडकलो नाही. वाटेत सगळीकडे भाताची कापणी चालू होती, त्यामुळे बांधावरून गाडी नेऊ नका. घोटीला हवा पुन्हा अठ्ठावीस केली आणि निघालो, तर चाळीसलाच गाडी थरथरायला लागली. खाली उतरून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला चिकट मातीचा जाड थर बसला होता. टॉमीने (लोखंडी दांड्याने) खरवडून काढला आणि ही नवी थरथर गेली. चिखलातून बाहेर आल्यावर रिमची आतली बाजू हाताने चाचपून बघा. महामार्गाला लागायच्या आधी हे करायचंच.

मुंढेगाव सोडल्यावर एका पुलाच्या सांध्यावर पुन्हा तीच फडफड, आणि या वेळी साठला. मागे ट्रक होता. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, झटका देऊन सरळ करायला जाऊ नका, वेग आपोआप उतरू द्या आणि डावीकडे घ्या. मी तसंच केलं. थांबल्यावर पुतण्याच्या तोंडून शब्द फुटेना.

ढाब्याच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, चाकांना दगड लावले. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. पुतण्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि मी खाली शिरलो. ही तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. प्रत्येक सांध्यावर पंजा असा ठेवायचा की अर्धी बोटं एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर येतील. सुरुवात स्टिअरिंग बॉक्सपासून. बॉक्सच चेसिसवर किंचित सरकत होता, एक बोल्ट ढिला होता. तो आवळल्यावर चार बोटांची ढिल अडीचवर आली. मग बॉक्समधून खाली येणारा ड्रॉप आर्म, तो ठीक. पुढे ड्रॅग लिंकच्या (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) चाकाकडच्या टोकाला बोटांत स्पष्ट टक लागलं. लिंक हलत होती आणि चाकाकडचा आर्म उशिरा हलत होता. रबर फाटलेलं आणि कडेने गंजाची तांबूस पूड. ही पूड दिसली की सांधा कोरडा चालतोय असं समजा. बाकीचा रस्ता डाव्या कडेने चाळीसच्या आत काटला.

सोमवारी नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो. चाक जॅकवर घेतलं, चेसिसखाली स्टँड लावला (नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका). चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड आली. मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती तर दोष हबच्या बेअरिंगचा. ती थांबली नाही, म्हणजे किंग पिन. वरची टोपी उघडली तेव्हा ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं. सील गेल्यामुळे आत पाणी शिरलं होतं. बेअरिंगच्या वाटीवर रोलरच्या रेघा इतक्या खोल उमटल्या होत्या की नख अडकत होतं. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर त्याच जागी आपटत राहतात आणि तिथेच खड्डे पडतात.

दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील बदलली. टोपीखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून चाकाकडच्या आर्मला स्प्रिंगचा वजनकाटा लावला आणि ओढून ताण मोजला. नुसत्या हाताच्या अंदाजाने शिम काढणाऱ्याकडे हे काम देऊ नका. ढिल राहिली तर फडफड परत येते, जास्त आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. ड्रॅग लिंकचं टोक नवीन, स्प्लिट पिन नवीन. त्यानंतर चाकांचं बॅलन्सिंग आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. स्टिअरिंग बॉक्सवरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला हात लावावा लागला नाही. बरेच जण तोच आधी आवळतात. त्याने ढिल गेल्यासारखी वाटते, पण बॉक्स आतून जड होतो आणि वळणावर अडकतो.

तुम्ही याच फेरीला निघणार असाल, तर आदल्या दिवशी घरीच स्टिअरिंग हलवून सांधे चाचपून बघा. माणसं दोन लागतात, वेळ पंधरा मिनिटं. सोबत ग्रीस गन, हवा भरायचा पंप, हवेचं मीटर, चार स्प्लिट पिना आणि पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टला बसणारा पाना ठेवा. पाटे किंवा शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे) बदलले असतील, तर कॅस्टर मोजल्याशिवाय महामार्गावर जाऊ नका.

दिवाळीनंतरच्या रविवारी पुन्हा त्याच वाटेने गेलो. पहिनेची मोरी आली तेव्हा पुतण्याने डॅशबोर्ड धरला. डावं चाक खड्ड्यात गेलं, एकदा धप्प झालं आणि गाडी सरळ पुढे निघाली. ढिल आता एका बोटाची आहे. डॅम्पर काढून ठेवलाय.