वारशाने मिळालेला शत्रू

पुण्यात मी बरीच वर्षं जर्मन शिकवते. दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जर्मनी आणि फ्रान्स 70 वर्षांत तीनदा लढले. मग वैर मिटलं कसं?" त्याचं उत्तर, जरा सविस्तर.

आधी ते टिकलं कसं, ते बघा. फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली 1871 मध्ये, तीही पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या आरसेमहालात. 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीला तहावर सही करायला फ्रान्सने त्याच दालनात बोलावलं. 1918 चा युद्धविराम फ्रान्समधल्या काँपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात झाला होता. 1940 मध्ये हिटलरने तोच डबा संग्रहालयातून ओढून काढला, जुन्या जागी उभा केला आणि तिथे हरलेल्या फ्रान्सची सही घेतली. अपमानाची परतफेड करायची ती जागेसकट! जर्मनमध्ये 'एर्बफाइंड' असा शब्दच होता. एर्ब म्हणजे वारसा. घर, शेत मिळावं तसा बापाकडून मिळालेला शत्रू.

फ्रान्समधल्या व्हर्दनला 1916 मध्ये दोन्ही देशांची सुमारे 300 दिवस लढाई चालली. तिथल्या दुओमोंच्या अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे 1,30,000 सैनिकांच्या अस्थी आहेत. जमिनीलगतच्या छोट्या खिडकीशी मी गुडघे टेकून बसले, काचेला कपाळ लावलं. आत हाडांचा ढीग. फ्रेंच कुठलं, जर्मन कुठलं, कुणी सांगावं? मला उठवेना.

याच इमारतीसमोर 1984 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल हातात हात घेऊन उभे राहिले. मितराँ 1940 मध्ये याच भागात जखमी होऊन जर्मनांचे कैदी झाले होते. कोल यांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेला. तो फोटो मी वर्गात दाखवते, पण खरं काम त्याआधीच सुरू झालं होतं. ज्यातून तोफा बनतात ते कोळसा-पोलाद 1951 च्या कराराने सामायिक देखरेखीखाली गेलं. 1963 मध्ये दोन्ही देशांनी तरुणांसाठी एक कार्यालय काढलं, आणि तेव्हापासून लाखो मुलं एकमेकांकडे राहून आली.

माझी एक जर्मन मैत्रीण शाळेत असताना अशीच फ्रान्सला गेली होती. त्या घरचे आजोबा चार दिवस तिच्या पंगतीला बसले नाहीत. पाचव्या दिवशी आले. बोलले काहीच नाहीत, फक्त पावाची टोपली तिच्याकडे सरकवली.