आजारासाठी घेतलेली गोळी: तीन रात्रींची टिपणं

मंगळवार, रात्र

‘कॅथलिकांना (गर्भनिरोधक) गोळी चालत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की ते धर्मशिक्षणातलंच वाटू लागतं. पण शिकवण कुठल्याही रसायनाविषयी नाही, ती कृतीविषयी आहे. पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ रोजी ‘हुमाने व्हिते’ या विश्वपत्रावर, म्हणजे सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रावर, सही केली. त्याच्या १४ व्या परिच्छेदात गर्भधारणा टाळण्याच्या हेतूने, शरीरसंबंधाच्या आधी, त्या वेळी किंवा नंतर केलेली कृती अमान्य ठरवली आहे. लगेच पुढच्या, १५ व्या परिच्छेदात म्हटलंय की शरीराचा आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेले उपचार मुळीच निषिद्ध नाहीत. त्यातून गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी माहीत असलं तरी नाहीत. अट एकच: तो अडथळा हाच हेतू नसावा.

दोन परिच्छेद शेजारी शेजारी आहेत. लोकांच्या लक्षात राहतो तो पहिला.

१५ वा परिच्छेद ही १९६८ ची नवी सवलतही नव्हे. पोप पायस बारावे यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी, मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी, रक्तविकार तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे हीच भूमिका मांडली होती. गर्भाशयाच्या किंवा शरीराच्या आजारावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेतलं आणि त्यामुळे काही काळ वंध्यत्व आलं, तर ते अप्रत्यक्ष आहे आणि चालतं, असं त्यांनी सांगितलं. तारीख बघण्यासारखी आहे. अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही गोळी १९५७ मध्ये बाजारात आली ती पाळीच्या विकारांवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून तिला मंजुरी मिळाली १९६० मध्ये. म्हणजे पायस बारावे बोलले तेव्हा ती कागदोपत्री पाळीचंच औषध होती. खोक्यावर ‘गर्भनिरोधक’ हा शब्द नंतर चढला, आणि आज आजारासाठी ती घेणाऱ्या बाईला त्याच शब्दाची धास्ती वाटते.

याची उलट बाजूही बघावी. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) ल्युप्रोलाइड या औषधाचं ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन महिन्यातून एकदा, साधारण सहा महिने देतात. त्यानेही स्त्रीबीज बाहेर पडणं थांबतं आणि पाळी बंद होते. त्याबद्दल फादरना विचारायला कुणी जात नाही, कारण त्या खोक्यावर तो शब्द नाही.

बुधवार, रात्र

गुंता खरा कुठे आहे? नीतिशास्त्रात दुहेरी परिणामाचं तत्त्व सांगतात. एका कृतीचे दोन परिणाम असतील, एक हवा असलेला आणि एक नको असलेला, तर ती कृती कधी करावी? कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचा असावा. चांगला परिणाम वाईट परिणामाच्या मार्फत येत नसावा. आणि कारण तोलामोलाचं असावं. चारही अटी पाठ म्हणणारे तिसरीवर अडखळतात, आणि निवाडा बहुतेक वेळा तिसरीच करते.

एंडोमेट्रिओसिस घेऊ. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, आतड्यावर वाढतात. दर महिन्याला हार्मोनच्या चढउतारासोबत त्या सुजतात, तिथे रक्त साचतं, अवयव एकमेकांना चिकटवणारे पट्टे तयार होतात. डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी रोज एक, खंड न पाडता, किंवा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली गोळी सलग दिली की हा चढउतार थांबतो आणि पेशींना वाढायला खतपाणी मिळत नाही. दुखणं कमी होतं ते यामुळे. ‘गर्भ राहिला नाही’ या गोष्टीचा दुखणं थांबण्याशी काहीही संबंध नाही. वंध्यत्व येतं, पण बाजूने येतं.

आता दुसरी बाई. तिला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या उच्च दाबाचा विकार आहे आणि गर्भारपण तिच्या जिवावर बेतू शकतं. डॉक्टर म्हणतात, गर्भ राहू देऊ नका. गोळी दिली, तर ती गोळी फुप्फुसाचं काय करते? काही नाही. तिचा जीव वाचतो तो गर्भ राहिला नाही म्हणूनच. इथे चांगला परिणाम गर्भनिरोधाच्या मार्फत येतो. कारण वैद्यकीय आहे, गंभीर आहे, पण गोळी उपचार नाही. पायस बाराव्यांनी १९५८ च्या त्याच भाषणात हे प्रकरण वेगळं काढून नाकारलं होतं: गर्भारपण न झेपणाऱ्या शरीराला त्याच्या परिणामांपासून वाचवण्यासाठी स्त्रीबीज थांबवणं हे प्रत्यक्ष वंध्यीकरण होय. ३१ जुलै १९९३ च्या उत्तरात रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळानेही (चर्चच्या शिकवणीवर देखरेख करणारं कार्यालय) हाच धागा धरला. वारंवार सिझेरियनमुळे कमजोर झालेलं गर्भाशय आज काही त्रास देत नसेल, फक्त पुढचं बाळंतपण धोक्याचं असेल, तर केवळ तेवढ्यासाठी ते काढणं मान्य नाही.

हा भाग पचायला जड आहे, आणि तो गुळगुळीत करून सांगणं मला पटत नाही. ‘वैद्यकीय कारण’ हे दोन शब्द पुरत नाहीत. आजार आत्ता आहे आणि गोळी त्या आजारावर काम करते, या दोन्ही गोष्टी लागतात. अशा जोडप्यापुढे शिकवणीनुसार उरतो तो संयम: पूर्ण, किंवा स्त्रीबीजाचे दिवस काटेकोर ओळखून. धोका मोठा असेल तिथे शिकवणाऱ्याने कडक नियमच सांगावेत: स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर शरीराचं तापमान किंचित चढतं, ते चढल्यावर तीन दिवस पूर्ण झाल्याशिवाय संबंध नाही, आणि पाळीनंतर, स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वीच्या दिवसांवर भरवसा ठेवायचा नाही.

घरी करून बघण्याजोगी एक कसोटी आहे. नवरा वर्षभर परगावी गेला असं समजायचं. गोळी चालू राहील का? एंडोमेट्रिओसिसवाली म्हणेल, अर्थात, दुखणं काही त्याच्याबरोबर जाणार नाही. फुप्फुसवालीची गोळी त्याच दिवशी बंद होईल.

मधल्या जागेतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. रक्त पातळ करणारी औषधं कायम घेणाऱ्या काही बायकांना स्त्रीबीज बाहेर पडताना पोटात रक्तस्राव होतो, कधी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. त्यांना डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमसारखी गोळी देऊन स्त्रीबीज बाहेर पडणंच थांबवतात. वरवर हे गर्भनिरोधनासारखंच दिसतं. पण रक्तस्राव होतो तो बीजकोश, म्हणजे अंडाशयातली स्त्रीबीजाची पिशवी, फुटताना, तिथे शरीरसंबंध असो वा नसो. म्हणून हा उपचार आहे.

शुक्रवार, रात्री उशिरा

तत्त्व कळलं तरी रोजच्या व्यवहारात चुका होतात. पहिली चूक गोळीसोबतच्या कागदामुळे होते. गोळी विसरली तर सात दिवस जास्तीची काळजी घ्या, असं त्यात लिहिलेलं असतं. ते गर्भनिरोधासाठी घेणाऱ्यांसाठी आहे. आजारासाठी घेणाऱ्या बाईची गोळी चुकली तर मधेच डाग पडतील, दुखणं डोकं वर काढेल; आठवली की घ्यावी, पुढची नेहमीच्या वेळेला. उलटी-जुलाब झाले किंवा क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन सुरू असेल तर गोळीचा परिणाम घटतो; ते डॉक्टरांना सांगायचं ते आजाराच्या उपचाराचा प्रश्न म्हणून. अशा वेळी कुणी निरोध वापरायला लागलं, तर हेतू कधी बदलला हे त्यांचं त्यांनाच कळेल. १५ व्या परिच्छेदाने मोकळीक दिली ती औषधाला, निरोधाला नाही.

दुसरी चूक ‘पाळी नियमित झाली’ या समाधानाची. २१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस खंड, त्या खंडात येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे. हार्मोन काढून घेतल्यामुळे अस्तर गळतं, इतकंच. पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून स्त्रीबीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार) गोळी पुरळ आणि केसांची वाढ आटोक्यात ठेवते, अस्तराचं रक्षण करते, पण स्त्रीबीजाची अडचण झाकते, सोडवत नाही. चिंता फक्त अस्तराची असेल, म्हणजे तीन-तीन महिने पाळी येत नसेल, तर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, ठरावीक अंतराने देऊनही अस्तर गळवता येतं. अशा तुटक वापराने गर्भधारणा भरवशाने अडत नाही, त्यामुळे नैतिक प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

इथे साध्या पर्यायाचा मुद्दा येतो. अमेरिकेतल्या बिशपांनी कॅथलिक रुग्णालयांसाठी केलेल्या निर्देशांत म्हटलंय की वंध्यत्व आणणारा उपचार आत्ताच्या गंभीर विकारासाठी असावा आणि त्याहून साधा उपचार उपलब्ध नसावा. अंगावरून जास्त जात असेल (पुस्तकी मोजमाप एका पाळीला ८० मिलिलिटरच्या वर, व्यवहारात गाठी पडणं, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, हिमोग्लोबिन उतरणं) तर ट्रॅनेक्सामिक आम्ल १ ग्रॅम दिवसातून तीनदा, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चार दिवसांपर्यंत देता येतं. ते स्त्रीबीजाला हातही लावत नाही. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांना मात्र ते देत नाहीत. पण साधा म्हणजे कमी परिणामकारकही चालेल असा अर्थ मी काढणार नाही. वेदनाशामकांवर महिन्यातले पाच दिवस अंथरुणात काढायला शिकवण सांगत नाही.

तोलामोलाचं कारण ठरवताना गोळीचे धोकेही त्याच तराजूत येतात. युरोपीय औषध संस्थेच्या आकड्यांनुसार वर्षभरात शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत सुमारे २, लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेल्या मिश्र (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेल्या) गोळीवर ५ ते ७, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ९ ते १२. डोळ्यापुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, आधी गुठळी झाली असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर इस्ट्रोजेन टाळतात. हे धर्मगुरूंना विचारायचे प्रश्न नव्हेत. आणि उलट, ‘तुम्ही कॅथलिक असलात तरी घ्या, काही होत नाही’ हा डॉक्टरांचा अधिकार नव्हे.

गोळी चालू असताना जोडप्याने दूर राहावं का? १५ व्या परिच्छेदात अशी अट नाही. तरी काही नीतिज्ञ संयम सुचवतात. त्यांचं म्हणणं असं: क्वचित स्त्रीबीज निसटलंच आणि फलन झालं, तर पातळ अस्तरामुळे तो गर्भ रुजणार नाही. दुसऱ्या बाजूचे सांगतात की स्त्रीबीज निसटलं की बीजकोशाचा मागे उरलेला भाग, ज्याला पिवळा पिंड म्हणतात, स्वतःच प्रोजेस्टेरॉन तयार करून अस्तर सावरतो. हा वाद मिटलेला नाही. मला वाटतं, स्त्रीबीज पक्कं थांबवणारी गोळी आणि गर्भाशयात बसवायचं साधन यांत इथे फरक करावा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ५२ मिलिग्रॅमचं साधन अतिरक्तस्रावावर उत्तम काम करतं, पण पुष्कळ पाळ्यांत स्त्रीबीज थांबवत नाही, म्हणून शंकेला तिथे जागा जास्त.

पुरळावरचं आयसोट्रेटिनोइन हे वेगळंच प्रकरण. ते गर्भाला घातक, म्हणून उपचाराआधी एक महिना, उपचार चालू असताना आणि नंतर एक महिना गर्भ राहू नये अशी सक्त सूचना असते. त्यासोबत लिहून दिलेली गोळी पुरळाचं औषध नसते, कुंपण असते. तिला १५ वा परिच्छेद लागू होत नाही. इथे तेवढे महिने संयम, किंवा दुसरं औषध.

‘गोळी चालू आहे, मनाला बरंही वाटतं की सध्या मूल नाही, हे पाप का?’ आनंद होणं आणि त्यासाठीच करणं यात अंतर आहे. आजारपणाची रजा घेतलेल्याला घरी बसून बरं वाटलं म्हणून आजार खोटा ठरत नाही. मात्र आजार गेल्यावर गोळी तशीच चालू राहिली, तर तो प्रश्न विचारावा लागतो. तो ‘बरं वाटतंय ना?’ असा विचारून उपयोग नाही, एंडोमेट्रिओसिसमध्ये गोळीवर बरं वाटणारच. थांबवल्यावर परत येतं का, हे विचारायचं. म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या निदानासाठी, कशावरून गुण आला म्हणायचं, आणि पुन्हा केव्हा तपासायचं. तीन महिन्यांनी पहिली तपासणी, मग दर वर्षाला.

त्याच भेटीत मुलाचा विचार केव्हा आहे हेही सांगून टाकावं. गोळी थांबवल्यावर बहुतेक बायकांचं चक्र एक ते तीन महिन्यांत सुरू होतं, आणि स्त्रीबीजाचे दिवस ओळखण्यासाठी ठेवायच्या चिकट स्राव व तापमानाच्या नोंदीही तेव्हाच अर्थपूर्ण होतात. गोळी चालू असताना ठेवलेल्या नोंदी वाचून काही कळत नाही. एंडोमेट्रिओसिसवर तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅमचं इंजेक्शनही देतात. ते सोयीचं वाटतं, पण शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला नऊ-दहा महिने सहज लागू शकतात, आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही.