मशीन शॉपचा खर्च कृतींनुसार मांडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपचे हिशेब आणि कोटेशन मी पाहतो. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर आमच्याकडे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मशीनिंग सेंटर) आणि सीएनसी लेथ या संगणकनियंत्रित मशीनवर मशीनिंग होते. काही गिऱ्हाइके ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग हजारांनी करून घेतात, तर काही इचलकरंजीच्या यंत्रमागांसाठी वीस-पंचवीस नगांची ऑर्डर देतात. मशीन रिकामी नसत, तरीही वर्षअखेर हातात फारसे काही उरत नसे. मोठ्या लॉटच्या चौकशीत आमचा दर महाग ठरत होता आणि छोट्या लॉटचा दर मात्र कोणीही घासाघीस न करता मान्य करत होते. मला ही दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटली, कारण आपला भाव बाजारापेक्षा बराच खाली असल्याशिवाय गिऱ्हाईक असे मुकाट्याने ऑर्डर देत नाही.

कच्चा माल आणि ऑपरेटरचा पगार थेट कामावर टाकायचा आणि बाकी सगळा ओव्हरहेड, म्हणजे कोणत्याही एका कामाच्या नावावर थेट न पडणारा खर्च, एकूण मशीन-तासांनी भागायचा, अशी आमची जुनी पद्धत होती. सोयीसाठी पूर्णांकात सांगायचे तर महिन्याचा ओव्हरहेड 6 लाख रुपये आणि मशीन-तास 1,500, म्हणजे तासाला 400 रुपये. हा दर सगळ्या कामांना सारखाच लागू होई. पंचवीस नगांसाठी मशीन सेट करायला जेवढी खटपट लागते, जवळपास तेवढीच पाचशे नगांसाठीही लागते, याचा त्या दरात मागमूसही नव्हता.

रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी 1980च्या दशकात मांडलेल्या ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगकडे, म्हणजे कृतींनुसार खर्च मांडण्याच्या पद्धतीकडे, मी याच कारणाने वळलो. अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन डिअर कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाला आलेली अडचण हुबेहूब आमचीच होती. कमी नगांची कामे त्यांना मिळत आणि जास्त नगांची हातची जात, कारण खर्चाचे वाटप चुकीच्या पायावर होत होते. वस्तू थेट खर्च खात नाही. वस्तूसाठी कृती कराव्या लागतात आणि खर्च त्या कृतींवर होतो, हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे.

कागदावर कृती ठरवणे सोपे गेले. खरे काम शॉप फ्लोअरवर होते. प्रत्येक सेटिंगची सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहून ठेवायला सांगितल्यावर आमच्या सर्वांत जुन्या सेटरने सरळ विचारले, "साहेब, हे लिहून आमचा पगार कापणार काय?" मी म्हणालो, "मामा, तुमचं काम किती मोठं आहे हे कोटेशनमध्ये दिसतच नाही, ते दिसावं म्हणून लिहायचं." मग मामांनी मला मशीनशेजारी उभे केले. जुने फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) उतरवणे, बेड पुसणे, नवे फिक्स्चर डायल लावून सरळ करणे, टूल बदलून त्याच्या मापातला फरक (ऑफसेट) मशीनमध्ये भरणे आणि पहिला नग काढणे, हे सगळे त्यांनी सावकाश करून दाखवले. त्यानंतर तो नग इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेला आणि क्वालिटीचा होकार येईपर्यंत मशीन थांबून राहिले. "लिहायचं तर हेही लिवा," मामा म्हणाले. ही वाट पाहणे आमच्या कोणत्याही खात्यात कधीच नोंदले गेले नव्हते.

सहा लाखांची फोड अशी झाली: प्रत्यक्ष मशीन चालवण्याचे 3 लाख, म्हणजे तासाला 200 रुपये, महिन्याच्या 120 सेटिंगचे 1,20,000, म्हणजे प्रत्येकी 1,000, पहिल्या नगाच्या 160 तपासण्यांचे 80,000, म्हणजे प्रत्येकी 500, आणि खरेदी, चलन, बिल व डिस्पॅच धरून 100 ऑर्डरींचे 60,000, म्हणजे प्रत्येकी 600. शेडचे भाडे आणि वॉचमनचा पगार मिळून उरलेले 40,000 मी कोणत्याच कामावर टाकले नाहीत. ते एखाद्या नगामुळे वाढत नाहीत की कमी होत नाहीत, त्यामुळे त्यांचे ओढूनताणून वाटप करणे मला पटत नाही.

मग दोन कामे शेजारी ठेवली. बेअरिंग हाउसिंगचे हजार नग दोन लॉटमध्ये होतात आणि त्यांना 200 तास लागतात. जुन्या हिशेबाने नगामागे 80 रुपये ओव्हरहेड बसत होता. चार सेटिंग, चार तपासण्या आणि दोन ऑर्डरी धरून तो 47 रुपये 20 पैसे निघाला. यंत्रमागाच्या ब्रॅकेटचे पंचवीस नग, दहा तास, दोन सेटिंग, दोन तपासण्या आणि एक ऑर्डर: इथे 160 रुपयांचे 224 झाले. मोठे काम छोट्या कामाचा खर्च उचलत होते आणि त्या ओझ्यामुळेच बाजारात हरत होते.

एक त्रुटी मात्र उरली होती. सगळी सेटिंग सारखी नसतात. साधे तासाभरात उरकते, तर अवघड फिक्स्चरला पाच तास जातात. म्हणून पुढे कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांची वेळेवर आधारलेली पद्धत घेतली. तीन सेटरच्या महिन्याच्या वेळेतून सुट्ट्या, चहा आणि साफसफाई वजा जाता सुमारे 30,000 मिनिटे कामाची उरतात, म्हणजे मिनिटाला 4 रुपये. तासाचे सेटिंग 240 रुपयांचे, पाच तासांचे 1,200 रुपयांचे. प्रत्यक्षात वापर 24,000 मिनिटांचाच होता. उरलेल्या 6,000 मिनिटांचे 24,000 रुपये आता गिऱ्हाइकाच्या दरात न मिसळता न वापरलेली क्षमता म्हणून वेगळे दाखवतो. मालकांना दर महिन्याला हा आकडा समोर दिसणे, हा या सगळ्या खटाटोपाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

साठ्याचे मूल्यांकन आम्ही पूर्वीप्रमाणे लेखामानक 2 नुसारच करतो. ही मांडणी फक्त निर्णयांसाठी आहे. कोटेशनमध्ये आता सेटिंगची रक्कम वेगळ्या ओळीत असते. इचलकरंजीचे एक गिऱ्हाईक त्यामुळे सोडून गेले, इतरांनी दोन-तीन महिन्यांची गरज एकत्र करून मोठी ऑर्डर द्यायला सुरुवात केली. एकाच फिक्स्चरवर बसणारे भाग आम्ही सलग लावतो, आणि पहिला नग तपासण्यासाठी लागणारी गेज आता मशीनशेजारीच ठेवली आहेत.